बर्फबाईंची सही

त्या शाळेत मुलांचं काहीही दुखलं तरी इलाज एकच होता. गुडघा फुटला, बर्फ. दारात बोट चेमटलं, बर्फ. पोटात कळ आली तरी आधी बर्फ, मग चौकशी. त्यामुळे प्रथमोपचाराच्या खोलीत बसणाऱ्या नर्सबाईंना सगळी शाळा 'बर्फबाई' म्हणायची. पाठीमागे म्हणायची असं म्हटलं पाहिजे, पण काही धीट पोरं तोंडावरही म्हणायची. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. त्यांच्या कपाटात बर्फाखेरीज होतं तरी काय? एक थर्मामीटर, अर्धं बंडल कापूस, मुदत संपलेलं मलम आणि कात्रीची रिकामी जागा. कात्री चित्रकलेच्या बाईंनी 'दोन मिनिटांत देते' म्हणून नेली होती, त्याला तीन वर्षं झाली होती.

खोली म्हणावी तर खोली होती, पण तिचा तीन चतुर्थांश भाग क्रीडा विभागाच्या ताब्यात होता. अडथळ्यांच्या शर्यतीच्या लोखंडी चौकटी एकात एक अडकवून भिंतीला लावलेल्या, त्यांच्यावर बँडचा फाटका ढोल, ढोलावर हवा गेलेले चेंडू. पेशंटची खाट उरलेल्या जागेत अशी बसवली होती की आजारी मुलाला पाय चौकटींच्या खाली घालूनच झोपावं लागे. उंच मुलं आजारी पडायचं टाळत. ह्या चौकटी हलवाव्यात म्हणून बाईंनी दर वर्षी शाळा उघडली की एक अर्ज केला होता. असे सहा अर्ज. सहाही अर्जांवर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, स्वतःच्या सुंदर अक्षरात 'पाहू' असा शेरा मारला होता.

शाळेत येण्याआधी बर्फबाईंनी एका मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात अकरा वर्षं काढली होती. तिथे त्यांना पाय टेकायला फुरसत नसायची. गुडघे बोलायला लागले तेव्हा लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा म्हणाला, "मी दिवसभर लोकांना वर-खाली जाता यावं म्हणून राबतो, आणि माझीच बायको जिने चढते. आता जरा बसून काम कर." बाई बसल्या. इतक्या छान बसल्या की वर्षभरात त्यांना शाळेची रीतही अंगवळणी पडली. कागद आला की वाचायचा नाही. पेन्सिलीनं फुली मारलेली असते, तिथे सही करायची. चहा संपवायचा.

अशाच एका फुलीवर त्यांनी दोन वर्षांपूर्वी सही केली होती. बास्केटबॉल खेळणारा ताडमाड मुलगा डोक्यावर आपटला होता. चौथ्या दिवशी सामना होता. तिसऱ्या दिवशी क्रीडाशिक्षकांनी कागद पुढे केला, "सिस्टर, पोरगा ठणठणीत आहे," आणि बाईंनी पोराला न बघताच ठणठणीतपणावर शिक्कामोर्तब केलं. सामन्यात त्याला पुन्हा कुणाचं तरी कोपर लागलं. मग सात महिने डोकेदुखी. पुस्तक उघडलं की ओळी पोहायला लागतात म्हणाला. उजेड नको, आवाज नको, माणूस नको. वर्ष वाया गेलं. त्याची आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली तेव्हा मुद्दाम बर्फबाईंच्या खोलीत डोकावली आणि म्हणाली, "तुम्ही तेव्हा लगेच बर्फ लावलात, फार उपकार झाले."

शिव्या दिल्या असत्या तर बाईंनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. उपकारांचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्या जुन्या इस्पितळात गेल्या, ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं, मेंदूला बसलेला हादरा कसा ओळखायचा, मुलाला कधी घरी पाठवायचं, कधी धावत इस्पितळात न्यायचं, पुन्हा मैदानावर कसं आणायचं, हे सगळं विचारून विचारून एका शंभर पानी वहीत उतरवलं. वही ड्रॉवरमध्ये ठेवली. आणि पुढची दोन वर्षं बर्फ लावत राहिल्या.

आता क्रीडाशिक्षकांविषयी सांगायला हवं. त्यांना मुलं 'शिट्टी सर' म्हणत. शिट्टी त्यांच्या गळ्यात कायम असे. पालकसभेत असे, शोकसभेतही असे. कॉलेजच्या फुटबॉल संघात ते सलग तीन वर्षं राखीव खेळाडू होते. त्या तीन वर्षांत बाकावर बसून त्यांनी जे पाहिलं ते आता स्वतः खेळल्यासारखं सांगत. जगात खेळाडू दोन जातीचे असतात असं त्यांचं ठाम मत होतं: पडल्यावर उठणारे आणि नाटक करणारे. कोण कुठल्या जातीचा हे ओळखायला त्यांच्याकडे एक परीक्षा होती. मैदानावर कुणी डोकं धरून पडलं की सर धावत जात, तोंडावर पाणी मारत, आणि नाकासमोर बोटं धरून विचारत, "किती?" उत्तर आलं की टाळी वाजवत आणि शिट्टी फुंकत. वीस वर्षांच्या कारकिर्दीत ह्या परीक्षेत एकही खेळाडू नापास झाला नव्हता, ह्याचा त्यांना अभिमान होता.

मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर नववीतली होती. तिला सगळे 'घार' म्हणत, कारण चेंडू कुठूनही आला तरी ती त्याच्यावर झडप घाली. तिचे वडील चष्मेवाले होते. मुख्य रस्त्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला अक्षरांचा तक्ता वाचायला लावता लावता ते मुलीनं अडवलेल्या गोलांची वर्णनं करत. गिऱ्हाईक वरच्या दोन ओळींवर असताना गोष्ट सुरू व्हायची आणि शेवटची ओळ दिसली नाही तरी संपायची नाही.

उपांत्य सामना मंगळवारी होता. नियमाप्रमाणे नर्स मैदानावर हजर हवी. बर्फबाई होत्या. पण त्यांची खुर्ची पाहुण्यांच्या मंडपामागे टाकलेली होती, आणि बर्फाच्या पेटीत पाहुण्यांची शीतपेयं गार करत ठेवली होती. बाई सामना बघायला उभ्या राहिल्या की कुणीतरी येई आणि म्हणे, "बाई, दोन संत्र्याची द्या." त्या देत.

सामना संपायला दहा मिनिटं असताना घारीनं पुढे झेप घेतली आणि समोरून धावत येणाऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानाच्या वर बसला. आवाज मंडपामागेही ऐकू आला. नारळ फुटल्यासारखा नव्हे, तसलं काही नाही. जाड पुस्तक जमिनीवर पडावं तसा. घार क्षणभर तशीच पालथी राहिली. मग उठून बसली आणि चेंडू हातात असूनही इकडेतिकडे चेंडू शोधायला लागली.

बर्फबाई हातातली बाटली तशीच ठेवून निघाल्या. गुडघ्यांच्या मानानं त्या बऱ्याच वेगानं गेल्या, पण शिट्टी सर आधी पोचले होते. पाणी मारून झालं होतं. "किती?" सरांनी विचारलं.

"दोन," घार म्हणाली.

सरांनी टाळी वाजवली. पंचांनी तेवढं बरं केलं की वहीत नोंद घेतली: गोलकीपर, डोक्याला मार, खेळ दोन मिनिटं थांबला.

"सर, हिला बाहेर काढा," बाई सीमारेषेवरून म्हणाल्या.

"सिस्टर, ती बरोबर बोलली. तुम्ही पाहिलंत ना?"

"मला तपासू द्या."

"दहा मिनिटं राहिलीत हो. जिंकल्यावर निवांत तपासा."

आणि बर्फबाई थांबल्या. ह्या थांबण्याचा त्यांना पुढे बरेच दिवस राग येत राहिला. रेषा ओलांडून त्यांनी त्या मुलीला दंडाला धरून बाहेर आणायला हवं होतं. पण रेषा पांढऱ्या चुन्याची होती, सर मोठे होते, आणि बाईंना सहा वर्षं बसायची सवय लागली होती. संघ एक-शून्यानं जिंकला. घारीनं आणखी एक गोल अडवला, तो कसा अडवला हे तिला त्या दिवशीही सांगता आलं नाही.

सामना संपल्या संपल्या बाईंनी तिला खोलीत आणलं. पाय चौकटींखाली घालून खाटेवर निजवलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ड्रॉवर उघडून ती वही काढली.

"बाई, आपण जिंकलो का?" घारीनं विचारलं.

"जिंकलो. डोकं दुखतंय?"

"थोडंसं. हा दिवा बंद करा ना." मग जरा वेळानं, "आपण जिंकलो का?"

"जिंकलो बाळा. मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो होतो?"

घारीनं डोळे मिटले. "आपण खेळलो होतो?"

बाईंनी तिला महिने उलटे म्हणायला सांगितले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर असं येऊन ती पुन्हा नोव्हेंबरला गेली आणि तिथेच घुटमळली. मग बाईंनी तिच्या डोळ्यांसमोर तीन बोटं धरली. "किती?"

"दोन," घार म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

"अगं, बघून सांग."

"बघायचं काय त्यात? दोनच असतात." तिला बाईंच्या अज्ञानाचं नवल वाटलं असावं. "सर नेहमी दोनच धरतात. पाचवीपासून सगळ्यांना माहीत आहे. नवीन मुलगी संघात आली की आम्ही पहिल्या दिवशी सांगून ठेवतो."

बाईंनी हात खाली घेतला. वीस वर्षं एकही नापास न झालेल्या परीक्षेची प्रश्नपत्रिका ही अशी आधीच फुटलेली होती.

"आपण जिंकलो का?" घारीनं तिसऱ्यांदा विचारलं.

चष्मेवाले मंडपातून हार घालून घेऊन आले, तेव्हा बाईंनी त्यांना हार काढायला लावला आणि बसवलं. "हिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात दाखवा. तिथून घरी सोडलं तरी लक्ष ठेवा. सारख्या उलट्या व्हायला लागल्या, डोकेदुखी वाढत चालली, डोळ्यातली एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, बोलणं अडखळलं, हातपाय आखडले किंवा लुळे पडले, उठवूनही नीट उठली नाही, तर परत तिकडेच धावायचं. सकाळची वाट बघायची नाही."

"पण सिस्टर, तिला रात्रभर जागं ठेवायचं ना? सर म्हणाले, झोपली की गेली."

"डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं की झोपू द्या. झोपेची गरज आहे तिला. जागं ठेवायचं तर तुम्ही जागे राहा आणि तिच्याकडे बघा. दोन दिवस मोबाईल नको, धावपळ नको. आणि दुखतंय म्हणून घरातली कुठलीही गोळी देऊ नका, डॉक्टरांना विचारून द्या."

चष्मेवाले मान डोलवत होते, पण त्यांचं लक्ष हाराकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोठ्या बाईंच्या ऑफिसात हजर झाले. बगलेत एक भलंमोठं पाकीट होतं. शिट्टी सर आधीच येऊन बसले होते. अंतिम सामना शनिवारी होता आणि आयोजकांचा एक त्रासदायक नियम होता: ज्या खेळाडूच्या डोक्याला मार लागल्याची पंचांनी नोंद केली आहे, तिच्या तंदुरुस्तीच्या कागदावर शाळेच्या नर्सची सही हवी. कागद टेबलावर होता. पेन्सिलीची फुलीही मारून झाली होती. बर्फबाईंना बोलावणं गेलं.

चष्मेवाल्यांनी पाकिटातून मेंदूचा काळा फोटो काढला आणि खिडकीच्या काचेवर धरला. "बघा, सिस्टर. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, आत काही नाही."

"डोक्यात काही नाही?" मोठ्या बाई दचकल्या.

"म्हणजे रक्तस्राव नाही," बर्फबाई म्हणाल्या. "ही चांगलीच गोष्ट आहे. पण हादरा फोटोत दिसत नाही. फोटोत घराच्या भिंती दिसतात, आतल्या माणसांचं भांडण दिसत नाही. डॉक्टरांनी आणखी काय सांगितलं?"

चष्मेवाले फोटो गुंडाळायला लागले. "ते आपलं नेहमीचं. आराम करा, आठवड्यानं या, खेळ बंद. डॉक्टरांना तसं सांगावंच लागतं."

"का सांगावं लागतं?"

मोठ्या बाईंनी लगेच चहा मागवला. "सिस्टर," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "शाळेच्या इतिहासात मुली पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचल्यात. आपण थोडं लवचीक होऊ शकतो का?"

"मी होईन हो मॅडम. तिचा मेंदू नाही व्हायचा. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला, तर मग मी, तुम्ही, सर, कुणीही काही करू शकत नाही."

"घाबरवू नका लोकांना," शिट्टी सर म्हणाले. "आमच्या वेळी आम्ही डोक्याला रुमाल बांधून खेळायचो."

"तुम्ही कधी खेळलात?" बर्फबाईंनी विचारलं. त्यांचा टोमणा मारायचा हेतू नव्हता, त्यांना खरंच तारीख हवी होती. पण मोठ्या बाईंना चहाचा ठसका लागला.

मग बाईंनी सरांना बोटांची हकीकत सांगितली. सगळ्यांसमोर. सर आधी लाल झाले, मग म्हणाले, "अशक्य." मग खिडकीपाशी जाऊन पटांगणात खेळणाऱ्या एका मुलीला त्यांनी हाक मारली आणि नुसतंच "किती?" असं ओरडून विचारलं. हात पाठीमागे होता. "दोन, सर," पटांगणातून उत्तर आलं.

त्यांच्या बाजूनं एक सांगायला हवं: ते माघार घेणारे नव्हते. त्याच दुपारपासून त्यांनी तीन बोटं धरायला सुरुवात केली. गुरुवारी पहिल्या तासापर्यंत सगळ्या शाळेला तीन पाठ झाले होते.

सही मात्र झाली नाही. कागद परत आला तो फुलीसकट. आणि त्यानंतर बर्फबाईंच्या आयुष्यात एक विलक्षण दीड दिवस आला. गुरुवारी सकाळी दोन शिपाई आले आणि काही न विचारता लोखंडी चौकटी उचलून घेऊन गेले. ढोल गेला. चेंडू गेले. दुपारी नवी चादर आली. साडेतीनला चित्रकलेच्या बाई स्वतः कात्री घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, राहूनच गेली होती बघ." चार वाजता मोठ्या बाई डोकावल्या. खोलीत चारही बाजूंनी भिंती आहेत हे पहिल्यांदाच दिसत होतं. "आता कसं मोकळं मोकळं वाटतं, नाही?" त्या म्हणाल्या.

"फार बरं केलंत, मॅडम," बर्फबाई म्हणाल्या.

"मग तो कागद..."

"तो मी डॉक्टरांची चिठ्ठी आल्यावर बघते."

मोठ्या बाईंनी चौकटी परत आणून ठेवायचा विचार केला असावा, पण शिपाई घरी गेले होते.

शुक्रवारी दुपारी डॉक्टरांची चिठ्ठी आली. चष्मेवाले स्वतः घेऊन आले, शिट्टी सर सोबतीला, मागे घार. चिठ्ठीवर लिहिलं होतं की सदर मुलगी सर्व प्रकारच्या खेळासाठी पूर्णपणे सक्षम आहे. खाली सही होती, शिक्का होता. शिक्क्यात एक दाढ कोरलेली होती.

"हे दाताचे डॉक्टर आहेत," बर्फबाई म्हणाल्या.

"हिचे सख्खे मामा," चष्मेवाले म्हणाले, जणू त्यानं हरकत मिटत होती.

"तुम्ही नुसतं 'डॉक्टर' म्हटलंत," सर म्हणाले. "कुठला डॉक्टर ते सांगितलं नव्हतं."

"दातावर गुडघा बसला असता तर मी पहिल्यांदा ह्यांच्याकडेच पाठवलं असतं. ही चिठ्ठी मला चालणार नाही."

"डोळे मी स्वतः तपासलेत हिचे," चष्मेवाले हट्टानं म्हणाले. "शेवटची ओळ घडाघडा वाचली. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

बर्फबाईंनी घारीकडे पाहिलं. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि बाहेरच्या उजेडाकडे पाठ करून होती. "तुला काय वाटतं गं?" बाईंनी विचारलं. तीन दिवसांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता.

"मी बरी आहे," घार म्हणाली. "मला खेळायचंय."

"बरं. मग बूट काढ आणि ह्या फरशांच्या रेषेवरून पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत जा. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लागली पाहिजे. हात कमरेवर."

खोली मोकळी झाल्यामुळे चालायला आता जागा होती. घारीनं चार पावलं नीट टाकली. पाचव्याला ती डावीकडे कलली, सावरली, सहाव्याला पुन्हा कलली आणि भिंतीला हात टेकला. तिनं हात काढून परत सुरुवातीपासून चालून बघितलं. दुसऱ्या वेळी तिसऱ्याच पावलाला तोल गेला. मग ती तिथेच फरशीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं नाही, नळ नीट बंद न झाल्यासारखी, थांबेचना. "काय होतंय ते मला कळत नाही," ती म्हणाली. "काल आईनं पेला खाली ठेवला तर मी तिच्यावर ओरडले. वर्गात फळा बघितला की मळमळतं. बाबांच्या दुकानात शेवटची ओळ वाचली ती मला पाठच आहे, लहानपणापासून."

 ह्या मुलीला चष्मेवाल्यांनी सहा वर्षांची झाल्यापासून रडताना पाहिलं नव्हतं आणि त्याबद्दल गिऱ्हाइकांना सांगितलंही होतं. ते म्हणाले, "बूट चावत असतील."

घार अनवाणी होती. सगळ्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांनीही पाहिलं. त्यांनी मेहुण्याची चिठ्ठी उचलली, चार घड्या घालून खिशात टाकली, आणि मुलीशेजारी फरशीवर बसले. पॅन्ट नवी होती, तरी बसले.

बर्फबाईंना त्या क्षणी तो ताडमाड मुलगा आठवला.  त्यांनी शिट्टी सरांना सांगितलं, "सर, त्या बास्केटबॉलवाल्याच्या कागदावर माझी सही होती. सही करताना मी त्याला बघितलंसुद्धा नव्हतं. फुली तुमची होती, पण सही माझी होती. आता एक तरी सही मला न करता राहू द्या."

सर शिट्टीशी चाळा करत राहिले. "राखीव गोलकीपरनं वर्षभरात एकही सामना खेळलेला नाही," ते शेवटी म्हणाले.

"मग तिला किती बरं वाटेल," बाई म्हणाल्या. हे सरांना कुठेतरी लागलं असावं. तीन वर्षं बाकावर बसलेला माणूस होता. ते निघून गेले.

शनिवारी संघ चार-शून्यानं हरला. राखीव गोलकीपरनं चार गोल खाल्ले आणि सात अडवले. संध्याकाळी तिच्या घरी ह्या सातांचीच चर्चा झाली. शाळेच्या मासिकात छापून आलं की 'काही अपरिहार्य कारणांमुळे' आपली प्रमुख गोलकीपर खेळू शकली नाही. शिक्षकांच्या खोलीत बर्फबाई शिरल्या की बोलणं थांबे आणि त्या गेल्यावर त्यांच्याचबद्दल सुरू होई. एका पालकानं तर 'खिलाडूवृत्तीचा अभाव' अशी लेखी तक्रार केली. मोठ्या बाईंनी त्यावर 'पाहू' लिहिलं. हा शेरा आपल्याही कामी येऊ शकतो हे बर्फबाईंना तेव्हा कळलं.

घारीला बरं व्हायला पाच आठवडे लागले. दोन-तीन दिवसांचा आराम झाल्यावर ती आधी शाळेत अर्धा दिवस यायला लागली, डोकं दुखलं की बर्फबाईंच्या खोलीत पडदा ओढून पडायची. पूर्ण दिवस वर्गात बसणं जमल्यावर मग चालणं, मग हळू धावणं, मग एकटीनं चेंडूशी खेळणं. प्रत्येक पायरीवर निदान एक दिवस. त्रास झाला की एक पायरी मागे. तिसऱ्या आठवड्यात ती चिडून दोन पायऱ्या एकदम चढली आणि दोन दिवस अंथरुणात गेली. त्यानंतर तिनं बर्फबाईंना उलट विचारणं सोडलं. मग डॉक्टरांनी, म्हणजे दातांच्या नव्हे, तपासून परवानगी लिहून दिली, तेव्हा बाईंनी कागद दोनदा वाचला, मुलीला रेषेवरून चालवलं आणि सही केली. चष्मेवाल्यांनी दुकानात नवी गोष्ट सुरू केली: मुलीला खेळू न द्यायचा कठोर निर्णय आपण कसा घेतला. गिऱ्हाइकांना तीही आवडली.

वर्ष संपायच्या सुमाराला आसपासच्या शाळांतल्या वीसेक क्रीडाशिक्षकांसाठी एक शिबिर भरलं. विषय: खेळाडूंच्या डोक्याची काळजी. प्रमुख वक्ते: शिट्टी सर. आदल्या आठवड्यात ते रोज मधल्या सुट्टीत बर्फबाईंच्या खोलीत येऊन बसत होते आणि शंभर पानी वहीतून उतरवून घेत होते. बाईंना कार्यक्रमाला बोलावलं होतं, ते पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायला.

सर बोलायला उभे राहिले आणि खरं सांगायचं तर चांगलं बोलले. "मी त्या दिवशी पाहताक्षणी ओळखलं," असं म्हणून त्यांनी घारीची हकीकत सांगितली. तीत नर्स नव्हती. बर्फबाईंनी मागच्या रांगेतून बटण दाबलं. संशय आला तरी बाहेर काढायचं, सर म्हणाले. त्या दिवशी परत उतरवायचं नाही, जिंकत असलो तरी नाही, हरत असलो तरी नाही. बाईंनी बटण दाबलं. खेळाडू खोटं बोलतो, कारण त्याला खेळायचं असतं. त्याच्या 'बरा आहे'वर विश्वास ठेवायचा नाही. बाईंनी बटण दाबलं. शब्द न् शब्द त्यांचा होता, आणि त्यांना वाटलं होतं तेवढा राग येत नव्हता. समोर वीस माणसं होती. एकेकाच्या हाताखाली पन्नास-साठ पोरं.

"आणि लक्षात ठेवा," सर शेवटाकडे येत आवाज चढवून म्हणाले, "खेळाडू बेशुद्ध पडला की समजायचं, मेंदूला हादरा बसला."

बर्फबाईंनी बटणावरचं बोट काढलं आणि हात वर केला.

"काय, सिस्टर?" सर म्हणाले. "चित्र अडकलं का?"

"बेशुद्ध न पडताही बसतो," बाई म्हणाल्या. "बहुतेक वेळा मुलं बेशुद्ध पडतच नाहीत. उभी असतात, बोलत असतात, पळतसुद्धा असतात."

सगळ्या माना मागे वळल्या. सरांनी घसा साफ केला. "तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "बेशुद्ध पडो किंवा न पडो."

"मग तसं लिहून घ्यायला सांगा ना त्यांना," बर्फबाई म्हणाल्या, आणि विसाच्या वीस जणांनी लिहून घेईपर्यंत त्यांनी पुढचं चित्र काही दाखवलं नाही.